लॅमिनेट केलेला रिपोर्ट

"काय बाय, आज माल कसा हाय?" असं विचारत काका स्वतःच्याच छातीतून काढलेल्या पाण्याची बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरत. मी रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. अशा बाटल्या एरवी वॉर्डातून येतात. हे काका टोचलेल्या जागेवर हात दाबून स्वतः घेऊन यायचे. दुसऱ्याच्या हाती दिली तर बदलली जाईल, अशी त्यांना शंका.

जहाजाच्या इंजिनरूममध्ये हयात गेलेली. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तेव्हा त्यांना मरणाची नाही, गळतीची पडली होती.

"पण आत पाणी येतंय कुठनं?"

मी सांगितलं, या पेशी रक्तवाहिन्या झिरपत्या करतात, आणि निचऱ्याच्या वाटाही बुजवतात.

"म्हणजे पाईपही गळतोय नि गटारही तुंबलंय. मग नुसतं उपसून काय व्हायचं?" डॉक्टरांनाही त्यांनी हेच सुनावलं.

काकींचं निदान एका शब्दाचं होतं. विडी. चाळीस वर्षं त्या नवऱ्याचे शर्ट हुंगत आल्या होत्या आणि चाळीस वर्षं काका नाकबूल करत होते. आता काकींनी बोलणंच टाकलं. डबा आणायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या.

पाण्यातल्या पेशींच्या जनुकतपासणीचा रिपोर्ट मुंबईहून आला. पेशीला वाढायचा हुकूम देणाऱ्या जनुकात बदल होता.

"बापाकडचा की आयकडचा?"

"कुणाकडचाच नाही, काका. तुमच्या फुफ्फुसातच घडलाय. मुलीला नाही जाणार तो."

ते स्टुलावर बसले. चष्मा पुसला. मग हळूच विचारलं, "विडीनं होतो?"

"विडी न ओढणाऱ्यांत जास्त सापडतो. पण ओढणाऱ्यांतही..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. आधी काकींना, मग रिक्षा स्टँडवर, मच्छीबाजारात, जावयाच्या ऑफिसात दाखवला. कॅन्सरचा कागद घेऊन इतक्या आनंदाने हिंडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा.

त्या बदलावरची गोळी लागू पडली. पाणी आटलं. काकी बोलू लागल्या. संध्याकाळी दोघं भाट्याच्या किनाऱ्यावर फिरताना दिसत.

एकदा रक्ताचा रिपोर्ट न्यायला काकी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "ओढायचे गो ते. माडाच्या आळ्यात थोटकं सापडायची मला."

"मग त्यांना बोलला नाहीत?"

"इतक्या खुशीत कागद दाखवला. म्हटलं, असू दे."

दीडेक वर्षाने पाणी पुन्हा भरलं. पेशींनी आणखी एक बदल करून गोळीला चुकवायची वाट काढली होती. एका सकाळी वॉर्डातून बाटली आली, काका आले नाहीत. दुपारी वॉर्डातून फोन आला, ते गेले.

कशासाठी कोण जाणे, मी बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि निळा रंग घातला. मेलेल्या पेशी तो रंग शोषून घेतात. यांनी घेतला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्वच्छ, टवटवीत दिसत होत्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं.