दुसऱ्याच्या प्लॉटवर भूमिपूजन

प्लॉट कसा घ्यावा, हे शिफ्ट सुटताना मला विचारायची कारखान्यातल्या आमच्या खात्यात पद्धतच पडली होती. रिसालीत एक लहानसा प्लॉट घेऊन मी तो बऱ्या भावात विकला होता, तेवढ्यावर मी जाणकार झालो. "भाऊ, फ्लॅट घेऊ का प्लॉट?" "लोन काढून घेतला तर जमन का?" नवे भरती झालेले विचारायचे आणि मी स्कूटरला टेकून प्रवचन झोडायचो. आधी रजिस्ट्री पाहा, रस्ता फक्त नकाशावर आहे की जमिनीवरही आहे ते पाहा, आणि पटवाऱ्याकडून मोजणी झाल्याशिवाय कुदळ मारू नका. सल्ला चांगलाच होता. तो स्वतःसाठी वापरायची मला गरज वाटली नाही.

निवृत्ती जवळ आली होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं. मी कुरुदला प्लॉट घेतला. धानाच्या शेतात चुन्याच्या रेघा आणि कोपऱ्याकोपऱ्यात नंबर रंगवलेले दगड. रजिस्ट्रीतला नंबर दगडावर दिसला आणि माझं समाधान झालं. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलेली माणसं. दारावर नंबर रंगवलेला असला की ते घर आपलं, एवढंच आम्हाला ठाऊक. वडिलांनी भंडाऱ्याकडची शेती भावांना सोडली, त्यानंतर आमच्या घरात कोणी जमीन मोजलीच नव्हती. बायको म्हणाली, "एकदा मोजून घ्या ना जी."

"तू मले शिकवून राहिली का?" मी म्हणालो.

भूमिपूजनाला अख्खं खातं बोलावलं. नारळ फुटला, आरती झाली. बाभळीखाली एक वयस्कर छत्तीसगढी बाई केव्हाची उभी होती. मला वाटलं, गावातली कोणी असेल. आरती संपेपर्यंत ती थांबली, प्रसाद कपाळाला लावून खाल्ला आणि मग हळूच म्हणाली, "पूजा बने होइस, भइया. फेर ए जमीन तो मोर आय."

जमीन तिची आहे, हे मी हसण्यावारी न्यायला गेलो. तिने पिशवीतून कागद काढले. तिच्या नवऱ्याने मोजणी करून घेतलेली होती, नकाशाही होता. नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याने दगड उचलून बाजूला टाकले होते आणि नंतर कोणीतरी हवे तिथे परत रोवले होते. मी ज्यांना मोजणीचं महत्त्व सांगत आलो ते सगळे तिथेच उभे होते. कोणी हसलं नाही. सगळे हातातल्या द्रोणाकडे पाहत राहिले. हसले असते तर मला निदान चिडता तरी आलं असतं.

पटवारी आला तेव्हा उरलंसुरलं अवसानही गेलं. आमचा प्लॉट त्या बाईच्या प्लॉटच्या मागे निघाला. नकाशात दाखवलेला रस्ता शेजारच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीतून जात होता आणि त्याने ती विकलेलीच नव्हती. आता घर बांधायचं तर वाट फक्त बाईच्या जागेतून. तिने नाही म्हटलं असतं तर आयुष्याची कमाई त्या धानात पडून राहिली असती, आणि क्वार्टर सोडून आम्ही भाड्याच्या खोल्या शोधत फिरलो असतो.

तिच्याकडे मीच जायला हवं होतं. रोज ठरवायचो आणि चौकातून परत फिरायचो. शेवटी बायको एकटी गेली.

परत आल्यावर तिने चप्पल काढली, पाणी प्यायलं. मला विचारायचं धाडस होईना, तेव्हा तीच म्हणाली, "देते म्हणे वाट. घर बांधन तवा भिंत मागं घेते, लिहूनबी देते."

"कावून?"

"म्याबी तेच इचारलं. म्हणे, वाट नाई देली तं माणूस घरी कसा जाईन?"

त्या वाटेनेच आता मी घरी जातो. बाई आपल्या नव्या घराच्या ओट्यावर बसलेल्या असतात. "आ गेव, भइया?" म्हणून विचारतात. मी "हो" म्हणतो, कान तापतात आणि मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत भराभर पुढे निघून जातो. आभार मानायचे अजून राहिलेच आहेत.