मामूंची घोडी आणि पिवळी पूड

कारंज्याच्या कापूसबाजारात आधी मामू दलालांचं पोट यायचं, मग मामू, आणि सगळ्यांत शेवटी त्यांच्याखाली वाकलेली बिजली नावाची घोडी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस ते. मीही तेव्हा नवा दलाल होतो. बिजलीला गूळ भरवल्याशिवाय मामू जेवत नसत, आणि मग जेवत ते दोघांचं.

एकदा बिजली लंगडू लागली. नालबंदाने तिचा पाय पाहिला, मग मामूंकडे पाहिलं. "मामू, घोडी इका, नाही तं तुमी अर्धे व्हा."

मामूंचे डोळे भरून आले. "बेगम मायेरी गेली तवा मी रडलो नाही. पन इले कोनाच्या हाती देऊ?"

त्याच सुमारास त्यांचा कंपाउंडर भाचा मुंबईहून एक पिवळी पूड घेऊन आला. विलायतेत लठ्ठ लोकांवर म्हणे तिचे प्रयोग चालले होते. अंगात भट्टी पेटते आणि माणूस बसल्या जागी वाळतो. 'बसल्या जागी' एवढंच मामूंना पुरलं.

भट्टी पेटली खरी. पौषाच्या थंडीत मामू उघडेबंब बसून पंख्याने वारा घेत, आणि आम्ही शेकोटी सोडून त्यांना चिकटून बसत असू. खरी पंचाईत बाजारात झाली. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवत. घामाने मामूंची बोटं निसटू लागली. शेवटी त्यांच्या रुमालाखाली कोणी हातच घालेना.

"काहून रे, मले खरूज झाली काय?" ते माझ्यावर ओरडले.

"मामू, मासोळी धरल्यावानी वाटते!"

पोट उतरलं, पण मामूही उतरले. एका सकाळी रिकिबीत पाय घालताना ते धाप लागून खालीच कोसळले. अंग नुसतं भाजत होतं. बिजली त्यांच्यापाशी मान खाली घालून उभी राहिली, हलेना. डॉक्टरांनी ती पूड उकिरड्यात पुरायला लावली. म्हणाले, "आणखी थोडी घेतली असती, तर घोडी आपोआप दुसऱ्याची झाली असती."

त्यानंतर मामू बाजारात पायी येऊ लागले. शेजारी बिजली, रिकाम्या पाठीने. चालून चालून ते खरंच वाळले. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "आता तं बसा, मामू. पेलते ते तुमाले."

मामूंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. "नाही भाऊ. वर बसून इतके वर्स मले इचं तोंडच दिसलं नाही. आता कुठं बोलनं होऊन राह्यलं आमचं."