यादीतून गळलेली जयंती

सातपूरच्या आमच्या कारखान्यात सुट्ट्यांची यादी मी करते. युनियनची सहचिटणीस म्हणून ते काम माझ्याकडे आहे आणि मला ते आवडतंही. डिसेंबरात यादी तयार, त्यावर माझी आणि मॅनेजरची सही, एक प्रत नोटीस बोर्डावर.

त्या वर्षी मार्चमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, टूलरूममधले काका माझ्यासमोर येऊन बसले. वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत ज्येष्ठ. मे महिन्यात निवृत्त होणार होते.

"ताई, चौदा एप्रिल कुठंय?"

"कुठं म्हणजे? यादीत."

"नाही. मी तीनदा वाचली."

मी खरकट्या हातानंच बोर्डापाशी गेले. नव्हती. जयंतीची सुट्टी यादीत नव्हती.

कारण तिथंच कळलं. आदल्या वर्षी चौदा एप्रिल शनिवारी आला होता. शनिवार आमचा साप्ताहिक सुट्टीचा, म्हणून बदली दिवस मागून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घेतला होता. नवी यादी करताना मी जुनी समोर ठेवली आणि नुसत्या तारखा बदलत गेले; दिवाळीतला तो जादा दिवस तसाच राहिला. गुढीपाडवा विसरणं मला शक्य नव्हतं. ही विसरता आली.

मॅनेजर शांतपणे म्हणाले, "सही तुमची आहे, मॅडम. बदला, माझी हरकत नाही. पण एक वाढवायची तर एक काढा, आणि सभेचा ठराव आणा. उद्या साडेतीनपर्यंत."

काढायचा दिवस उघड होता, तो दिवाळीतला. पण बायकांना माहेरी एक दिवस जास्त मिळाला होता, मालेगाव-सटाण्याकडच्यांना गावी थांबता आलं होतं. हातात आलेला दिवस सोडणार कोण?

आमचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही गप्प बसा. टाईप करताना मॅनेजमेंटनं गाळली म्हणतो. बघा कसे एका आवाजात उठतात."

उठलेही असते. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, दोन पाळ्यांच्या मधे, कँटीनमध्ये सभा भरली. काका भिंतीशी उभे होते.

"मित्रांनो, मॅनेजमेंटनं..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"नाही," मी उठले. "मी गाळली. जुनी यादी उतरवताना."

प्रेस शॉपमधला एकजण ओरडला, "घ्या! चूक ताईंची अन् दिवाळी आमची! काकांनी एक रजा टाकावी, लय सोपं हाय."

काही जण हसले. काकांनी मान वळवली नाही.

"तो दिवस जयंतीच्याच बदल्यात मिळाला होता," मी म्हटलं.

"मिळाला ना? मग आता आमचा."

माझ्याच लाइनवरची एक बाई ताडकन उठली. "का रे, तुझी बायको बाळंतपणाच्या पगारी रजेवर आहे ना? ती रजा मिळावी म्हणून कायदेमंडळात कोण भांडलं होतं, घरी गेल्यावर विचार तिला. आणि तिला नसेल ठाऊक, तर मला फोन लावून दे!"

या वेळी हसणारे दुसरे होते. तो बसला, पण बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. मी मोजले. पुन्हा मोजले. चार हात जास्त. ठराव पास.

काकांचा हात खालीच होता.

बाहेर गाड्यांच्या स्टँडवर मी त्यांना गाठलं. "काका, तुम्हीच हात वर केला नाहीत?"

ते हेल्मेटचा पट्टा लावत होते. "खरं बोललात, बरं वाटलं. पण ताई, इतकी वर्षं जयंती करतोय, ती कधी हात मोजून मागावी लागली नव्हती."

त्यांनी गाडी सुरू केली आणि गेटबाहेर गेले. तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी ठरावाचा कागद घेऊन मॅनेजरच्या केबिनकडे निघाले.