आमच्या गावानं आभाळ मोजलं

माझ्या नवऱ्याला दोन व्यसनं होती, चहा आणि पतंग. चहा अजून आहे. पतंग सुटला तो एका संक्रांतीला, आणि तोही कुणी उपदेश केला म्हणून नव्हे. शिळफाट्यावरून तीळ-गूळ घेऊन मोटरसायकलवर घरी येत होते. कुणाच्या तरी कापलेल्या पतंगाचा नायलॉनचा मांजा रस्त्यावर आडवा लोंबत होता, तो गळ्याला लागला. गाडी हळू होती म्हणून माणूस परत मिळाला. टाके पडले, जखम भरली, गळ्यावर एक पांढरी रेघ राहिली. शर्टाचं वरचं बटण तेव्हापासून मे महिन्यातही लावलेलं. आणि त्या दिवसापासून या माणसानं मान वर करून आभाळ म्हणून बघितलं नाही. घरावरून पतंग गेला की आळीतली पोरं ओरडायची, "काका, बघा, बघा!" आणि हे अंगणातल्या कोंबड्या मोजत बसायचे. आमच्याकडं कोंबड्या तीन.

मला राग यायचा. कीव वगैरे नाही, चांगला रागच. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला लोकांच्या सुना हलव्याचे दागिने घालून मिरवतात. मी भर उन्हात फिरकी धरून उभी होते, आणि हे "ढील दे गं, ढील दे, झोपलीस काय!" म्हणून माझ्यावरच खेकसत होते. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. असा माणूस आता कोंबड्या मोजतो म्हणजे काय? मला माझा तो खेकसणारा नवरा परत हवा होता.

गावानं तर पतंगच बंद करायचे ठरवले होते. ठरवायला काय जातंय! पोरं गच्चीवर चोरून उडवतात, रस्त्यावर धावतात, विजेच्या तारांत अडकलेला पतंग काढायला बांबू घेऊन जातात. तेव्हा बायकांच्या गटाच्या बैठकीत मी म्हटलं, चोरून उडवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून उडवू या. एकाच दिवशी, एकाच शेतात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी अंगणवाडीत जन्म घालवलाय, चाळीस पोरांना शिट्टीवर झोपवलंय, गावाला उडवणं काय अवघड? सगळ्या हो म्हणाल्या. माझ्या मनातलं खरं कारण मात्र एकाच बाईला, माझ्या शेजारणीला माहीत होतं. हा माणूस एकदा त्या शेतात यावा आणि त्यानं मान वर करावी, बस्स.

जागा सापडली. भात कापून मोकळी झालेली खाचरं, तारांपासून लांब, पलीकडं डोंगर, अलीकडं बऱ्याच अंतरावर रस्ता. अडचण एकच, आणि ती अडचण दोन पायांची होती. माझे चुलत सासरे. आमच्याकडं भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि बरोबर मधल्या खाचरात मामंजींचा वाल फुला-शेंगांवर आलेला. पतंग कापला की पोरं "काटा ऽऽ" ओरडत लुटायला धावणार, आणि ती काही बांधावरून वळसा घालून जात नाहीत.

"माज्या वालात एक पाय पडला," मामंजी म्हणाले, "तर सूनबाई, त्यो पाय मी ठेवून घेईन."

मग मी डोकं चालवलं. कापलेला पतंग जो लुटेल त्याचा, हा जगभरचा कायदा. सगळी धावपळ, ढकलाढकली, गाडीखाली जाणं, त्या कायद्यामुळेच. मी कायदाच बदलला. जाहीर केलं की पतंग ज्याच्या शेतात येईल त्या शेतमालकाचा. दुसऱ्यानं बांध ओलांडायचा नाही. मामंजींचा चेहरा असा खुलला की मला तिथंच शंका यायला हवी होती.

बाकी तयारी झकास झाली. मांजा नाही, पेच नाही, नुसता सुती दोरा. यावर गावातल्या बाप्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. "पेच नाय तर मजा काय डोंबलाची?" मी म्हटलं, मजा टिकण्यात. संध्याकाळपर्यंत ज्याचा पतंग वर, तो जिंकला. त्यात आमी बायका तुमाला हरवू. हे त्यांना झोंबलं आणि झाडून सगळे आले. चपला घातल्याशिवाय शेतात प्रवेश नाही, कारण भाताची धसकटं वर बघत चालणाऱ्याला सोडत नाहीत. लहान मुलं मोठ्यांचा हात धरून. बगळे घरी परतायच्या आत सगळे पतंग खाली.

सकाळी शेताच्या तोंडाशी मी काडेपेटी आणि विळी घेऊन बसले. येईल त्याच्या फिरकीचा दोरा काढायचा, टोकाला काडी लावायची. सुती असला तर राख होते, नायलॉन असला तर वितळून गोळी होते. नेरळच्या नव्या बिल्डिंगमधून आलेला एक पाहुणा गॉगल लावून म्हणाला, "मॅडम, हे प्युअर कॉटन आहे." काडी लावली, गोळी झाली. मी त्याच्यादेखत विळीवर त्या दोऱ्याची कोथिंबीर केली. बिचारा उरलेला दिवस माझ्या शेजारणीची फिरकी धरून उभा होता, आणि तिनं त्याला चांगलं राबवून घेतलं.

आमचे हे? सकाळी चहा घेतला आणि म्हणाले, "मी नाय येणार. आग्रह करू नको." मी म्हटलं, "कोण करतंय?" आणि घराबाहेर पडले ती सारखी मागं वळून बघत.

वारा घाटाकडून येत होता, सकाळचा असतो तसा. मी शिट्टी मारली आणि सगळे पतंग एकदम उठले. अगं बाई, काय दिसलं ते! माझा लाल, शेजारणीचा पिवळा, वर्तमानपत्राचे, कुणा आजीनं लग्नपत्रिका चिकटवून केलेला. सगळे रस्त्याकडं पाठ करून पश्चिमेला कललेले. मला वाटलं, हे एवढं गावातून दिसत असणारच. आता आमचे हे येतील. पायवाटेवर एक म्हैस आली, तिच्यामागं कुणी नव्हतं.

तेवढ्यात मधल्या खाचरातून बोंब उठली. मामंजी वालाच्या बांधावर उभे, हातात लांबच लांब काठी, तिच्या शेंड्याला बाभळीची काटेरी फांदी बांधलेली. वालावरून जो दोरा जाई त्याला काठी लावून पतंग खाली ओढत होते. बगलेत पाच-सहा पतंग जमा.

"मामंजी, हे काय?"

"तूच म्हनलीस ना, ज्याच्या शेतात येईल त्याचा?"

"शेतात म्हणजे पडलेला! हे तर वर उडतायत!"

"वर म्हंजे कुनाच्या वर? माज्याच वर ना? खाली सातबारा माजा, तर वर काय दुसऱ्याचा?"

झालं! आमच्या गावात वीतभर बांध सरकला तर सख्खे भाऊ तोंड बघत नाहीत. तिथं मी सगळ्या गावाला आभाळाची मालकी दाखवून दिली होती. जो तो आपल्या खाचराकडं धावला. कुणी बांधाच्या दगडावर बांबू उभा धरून वर नेम लावला, आपली हद्द इथून सरळ वर जाते म्हणून. शेजारी म्हणाला, बांबू तिरका आहे, मुद्दाम माझ्या बाजूला कलवलास. तिसरा म्हणाला, वारा घाटाकडून असला तर हद्दही कलणार. एकजण मोजणीला दोरी घेऊन आला. दोघे भाऊ, ज्यांच्या शेताची वाटणी अजून झालेली नाही, ते आभाळाची वाटणी करायला लागले आणि त्यातही त्यांचं जमेना. पतंग वर आपापले डुलतायत आणि खाली मारामारीची तयारी. माझ्या तर नाकी नऊ आले.

आणि पायवाट अजून रिकामीच. असं भांडण आमच्या ह्यांनी एका वाक्यात मिटवलं असतं. मला भारी संताप आला, मामंजींचा कमी, नवऱ्याचा जास्त. तो सगळा मी शिट्टीत फुंकला.

"मामंजी," मी सगळ्यांच्या देखत विचारलं, "मुंबईची विमानं रोज तुमच्या वालावरनं जातात. एकाला तरी काठी लावलीत का?"

मामंजी वर बघून म्हणाले, "ती लय उंच जातात."

"म्हणजे उंच गेलं की तुमचं नाय?"

मामंजींनी काठी खाली टेकवली. माझी शेजारीण फिसकन हसली.

"मग ठरलं. काठी पोचेल तेवढं आभाळ मालकाचं. त्याच्या वरचं गावाचं. जमिनीवर उभं राहायचं, झाडावर चढायचं नाय, काठीला काठी जोडायची नाय."

दोघं भाऊ लगेच आपल्या काठ्या मोजायला लागले, पण बाकीच्यांना ते पटलं. आणि गंमत अशी, की कुणी सांगून ऐकलं नसतं ते या काठ्यांनी केलं. खाली, माणसांच्या डोक्यांवरून, एक पतंग कुणी आणेना. सगळे उंच, मोकळे, सुरक्षित. पुढं नेरळचा तो पाहुणा मला म्हणाला, "मॅडम, काय प्लॅनिंग आहे!" मी मान डोलावली.

दुपारी पोपटी लावली. खरं तर ती रात्रीची, पण भूक थांबेना. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. शेंगा दुसऱ्यांच्या, मामंजी एक शेंग देतील तर शपथ. वास सुटला आणि दोरे बांधावरच्या खुंट्यांना बांधून सगळे जाळाभोवती जमले. मी पण बसले. शेंग सोलता सोलता वर बघितलं आणि हातातली शेंग पडली.

पतंग उलटे कलले होते. वारा फिरला होता. दुपारनंतर समुद्राकडून येतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत, आणि मी बया ते भांडणात विसरून गेले होते. सगळे पतंग आता रस्त्याच्या बाजूला झुकलेले, एक-दोन तुटून तिकडंच चाललेले. रस्त्यावर मी दोन धट्टेकट्टे गडी नेमले होते, ते तिकडं फिरकलेच नव्हते, माझ्या समोर शेंगा खात बसले होते.

मी ओरडले, "उतरवा! सगळे उतरवा!" शिट्टी शेजारणीच्या हातात कोंबली आणि रस्त्याकडं पळत सुटले. दोरा सुती होता, मला माहीत होतं. तरी ती पांढरी रेघ डोळ्यांपुढून हलेना. धसकटात एक चप्पल राहिली. रडू येत होतं आणि शिव्याही येत होत्या.

रस्त्याजवळ पोचते तो एक मोटरसायकल गेली. चालवणाऱ्याच्या गळ्याला कपड्याची जाड पट्टी गुंडाळलेली, पोपटी रंगाची, मोरांच्या काठाची. मागून दुधवाला गेला, त्याच्या गळ्यातही तोच मोर. तो मोर माझ्या ओळखीचा होता. माझ्या भावानं भाऊबीजेला दिलेली साडी!

वळणावर माझा नवरा उभा होता. हात आडवा करून येणारी प्रत्येक गाडी थांबवत होता. कुणी हुज्जत घातली की शर्टाचं वरचं बटण काढून गळा दाखवायचा. मग समोरचा मुकाट्यानं मान पुढं करायचा. हे पट्टी गुंडाळायचे, गाठ मारायचे, पाठीवर थाप द्यायचे. बाजूला पिशवीत साडीचं उरलेलं लक्तर. कोपरावर तुटून आलेल्या दोऱ्यांची भली मोठी गुंडी, रस्त्यावरून काढून काढून गुंडाळलेली.

"अहो, माझी साडी!"

"सुती हाय. गळ्याला टोचत नाय."

"तुमी सकाळपासनं हितंच?"

"सगळी शेतात गेली तर हितं कोन?" ते म्हणाले. "वारा फिरायला लागला तवाच कळलं, आता सगळं हिकडं येनार. तुज्या शेजारणीचा पिवळा सारखा गोता खातोय, कन्नी वाकडी बांधलीय तिनं. सांग तिला. आणि तुजा लाल पयला तुटला. ढील द्यायला अजून शिकली नाय तू."

मी बघतच राहिले. "तुमाला हितनं कसं कळलं?"

"कसं म्हंजे? मान वर करून. अजून कसं बघतात?"

आणि माझ्यावर खेकसले, "बाजूला हो, गाडी येतेय!"

स्कूटरवर एक मुलगी होती, खोपोलीच्या बाजूनं आलेली, उघड्या गळ्याची. यांनी तिला थांबवलं आणि पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी. यांनी माझ्याकडं बघितलं. मी संक्रांतीची नवीकोरी काळी साडी नेसले होते, सकाळीच घडी मोडलेली. पदराचं टोक मी दातांत धरलं आणि टर्रकन फाडून त्यांच्या हातात दिलं.