कारण : खोटी माहिती

“तुला विचार करायला ठेवलेलं नाही. काढायला ठेवलंय.”

खारघरच्या ऑफिसात, सगळे जागेवर असताना, माझ्या खुर्चीमागे उभा राहून तो म्हणाला. तो म्हणजे रंगाच्या कंपनीची प्रसिद्धी सांभाळणारा साहेब. शेअर घेतलेली माणसं ज्या साईटवर कंपनीबद्दल लिहितात, ती साफ ठेवायचं काम कंपनीने आमच्या ऑफिसला ठेक्याने दिलं होतं. साफ म्हणजे काय, तर चेअरमनला कोणी बोललं की ते उडवायचं. उडवताना कारण निवडावं लागे. असभ्य. विषय सोडून. खोटी माहिती. चौथं कारण नव्हतं.

त्या दिवशीची पोस्ट साधी होती. कुणा शेअरवाल्याने विचारलं होतं, कारखान्यात गॅस गळला, तीन कामगार दवाखान्यात आहेत, आणि चेअरमन म्हणतात काहीच घडलं नाही, हे कसं? शिवी नाही, काही नाही. मी साहेबाला म्हटलं, सर, हे खरं आहे.

त्याने माझं गाव विचारलं. मी सांगितलं, इथलंच, खाडीकाठचं. मग हसला. म्हणाला, अच्छा, जमिनी विकून गाड्या घेणारे तुम्ही, तुम्हाला शेअरमधलं कधीपासून कळायला लागलं? अख्खं ऑफिस हसलं. माझ्या शेजारची, रोज माझ्या डब्यातली सुकट मागून खाणारी, तीसुद्धा हसली.

कसल्या जमिनी आणि कसल्या गाड्या! आमची जमीन आजोबांच्या वेळीच गेली. बाबा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. त्या तिघांतले एक माझे बाबा होते. सकाळीच त्यांना दवाखान्यात पेज भरवून आले होते मी. एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. लाज वाटली. त्याला वाटायला हवी होती, वाटली मला. आणि नोकरीही हवी होती, खोटं कशाला बोलू. मी ‘खोटी माहिती’वर बोट दाबलं. पोस्ट गेली.

बाबा घरी आले, पण छाती गेली ती गेलीच. चार पायऱ्या चढले की बसतात. कारखान्याने कागदावर लिहिलं, बिडीमुळे दमा. बाबांनी जन्मात बिडी ओढली नाही. अपघात म्हणून नोंद व्हावी, एवढंच मागायला आम्ही दोघं कारखान्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने फाईलमधून एक छापील कागद काढला. तीच पोस्ट. खाली लिहिलेलं, ‘तपासून काढली. कारण : खोटी माहिती.’ म्हणाला, बघा, बाहेरच्या लोकांनीसुद्धा तपासलंय.

तपासलंय डोंबल.

बाबांना यातलं काय माहीत? ते छाती धरून उठले आणि कौतुकाने म्हणाले, “साहेब, माजी पोरगी असल्याच हापिसात हाय. तिला ईचारा. ती खोटा नाय बोलाची.”

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, “ही मीच काढली. खरी होती. मला काढायला लावली.”

बाबा खाली बसले. अधिकाऱ्याने कोरा कागद सरकवला. लेखी द्या म्हणाला, सहीसकट. मला घाबरवायला. सही केली की नोकरी जाणार, म्हणजे ही काही करत नाही, असं वाटलं त्याला. मी लिहून दिलं, सही केली. मोबाईलवर त्या कागदाचा फोटोही काढून घेतला.

नोकरी गेली. कागदावर अजून बिडीच आहे. तो फोटो छापून मी कामगारांच्या सरकारी ऑफिसात चारदा जाऊन आले, चारही वेळा तिथले साहेब जागेवर नव्हते. बाबा घरी माझ्याशी कामापुरतंच बोलतात. रागावले असते तर बरं झालं असतं. मला काहीच करता येत नाही. त्यांचा श्वास परत आणून देता येत नाही.

लिहिता तेवढं येतं. त्याच साईटवर, माझ्या पूर्ण नावाने, हेच रोज लिहिते. रोज काढतात. माझ्या खुर्चीवर आता दुसरी कोणी बसत असेल, तेच कारण निवडत असेल. काढ बाई, तुझंही घर असेल. मी उद्या पुन्हा लिहीन. परवा पुन्हा. आणि ज्याला हे खोटं म्हणायचं असेल, तो साहेब असो की चेअरमन, त्याने आधी आमच्या घरी यावं आणि माझ्या बापाच्या छातीला कान लावावा.