देवेरचा दसरा

बंगळूरला मारतहळ्ळीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना पद्मम्मांचा फोन आला. त्या बसवनगुडीत आमच्या समोरच्या घरात राहतात, एरवी मला कधी फोन करत नाहीत. "सुरेखा, अक्का होदरु," एवढंच बोलल्या. अक्का गेल्या... लॅपटॉप मिटला आणि निघाले. बसमध्ये मी रडले नाही. कानात सारखा त्यांचा दसऱ्यातला आवाज घुमत होता, आणि खरं सांगते, त्या आवाजाने छाती फुगत होती.

शकुंतलाअक्का माझ्या घरमालकीण. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं मराठी घर, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. मी जालन्याकडची. वडील टेम्पो चालवतात, आणि आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. खोली भाड्याने देताना अक्कांनी विचारलं, "काय शिकलीस?" मी ऐटीत म्हटलं, "इंजिनिअरिंग." "ते सरी, ठीक. इतिहास काय येतो?" मी म्हटलं, "पानिपतात आपण हरलो, एवढं येतं." त्या हसल्या. "म्हणजे सगळ्या मराठी माणसांना येतं तेवढं येतं!"

बंगळूरला दसऱ्यात घरोघर पायऱ्या मांडून त्यावर गोंबे, म्हणजे बाहुल्या, बसवतात. शेजारणी बघायला येतात, उसळी खातात आणि जाताना नावं ठेवतात. कुणाकडे म्हैसूरची मिरवणूक, कुणाकडे लग्नाची पंगत. अक्कांकडे पायऱ्यांपुढच्या जमिनीवर युद्ध... मोगल आणि राजपूत, दरवर्षी एक लढाई. माझ्या पहिल्या दसऱ्याला खानवा होतं. बाबराच्या बाजूला चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांतल्या बैलगाड्या, गजऱ्याच्या दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या आणि त्यांच्यामागे तोफा. समोर एका डोळ्याचा, एका हाताचा राणा सांगा. पद्मम्मांचा दरवर्षी एकच प्रश्न, "यारु गेद्दरु?" कोण जिंकलं?

"बाबर," अक्का म्हणाल्या.

"पुन्हा राणा हरला? सणासुदीला तरी जिंकवा हो त्याला!"

"बाहुल्या माझ्या आहेत पद्मा. इतिहास माझा नाही."

पुढच्या वर्षी हळदीघाट. कुणी सोयीचं ऐकायला आलं की अक्का बोट दाखवायच्या, "हा बघा अकबराचा सेनापती, मानसिंह, राजपूत. आणि हा राणा प्रतापाच्या पुढे उभा हकीम खान सूर, पठाण. आता करा वाटणी!" पाट्या मी कॉम्प्युटरवर करून द्यायच्या होत्या. मेवाडच्या बिनीच्या तुकडीला, सगळ्यात पुढे असते तिला, अक्कांनी लिहून दिलं होतं, 'हरावल'. माझ्या मराठी डोळ्यांनी ते 'हरवले' वाचलं. ठळक अक्षरांत छापून मी ती पाटी हकीम खानापुढे उभी केली. मराठी मंडळातल्या एक बाई वाकून वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, हे कुठे हरवले? सापडले का मग?"

अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बायका गेल्यावर म्हणाल्या, "लढाई सुरू व्हायच्या आधीच हरवलंस गं त्यांना! पण तुझं काय चुकलं... मीच वर्षानुवर्षं हरलेलं मांडतेय. जिंकलेलं शेवटी मांडू म्हणून ठेवून दिलं होतं. पुढच्या दसऱ्याला देवेर."

देवेर मी ऐकलंही नव्हतं. हळदीघाटानंतर कितीतरी वर्षं डोंगरात काढून राणा प्रताप तिथे मोगलांच्या ठाण्यावर तुटून पडला, आणि मग मेवाडातली ठाणी एकामागून एक रिकामी झाली. विजयादशमीलाच हल्ला झाला असं सांगतात.

पण श्रावणात अक्का दवाखान्यात गेल्या, आणि परत आल्या त्या निम्म्या होऊन. त्यांचा मुलगा श्रीधर पुण्याहून न्यायला आला. "आई, यंदा पायऱ्या नकोत. डॉक्टर म्हणालेत की..."

"राणा एवढी वर्षं डोंगरात थांबला. तुला दसऱ्यापर्यंत थांबवत नाही?"

तो चिडला, पण थांबला. अक्का खुर्चीतून हुकूम सोडत होत्या, मी जमिनीवर रांगत होते. "घोडा मागे घे, तिथे दरी आहे." "अक्का, ती सतरंजी आहे." "दरी आहे म्हटलं ना!" प्रतापासाठी त्यांनी लग्नात माहेरहून आलेल्या, दरवर्षी सगळ्यात वरच्या पायरीवर बसणाऱ्या राजा-राणीच्या जोडीतला राजा काढायला लावला. पद्मम्मा हबकल्या. "लग्नातला राजा जमिनीवर?"

"लढायला खालीच उतरावं लागतं."

बायका जमल्या. अक्कांची अवस्था पाहून कुणी मोठ्याने बोलेना. पद्मम्मांचा नेहमीचा प्रश्नही येईना. अक्का वाट बघून कंटाळल्या. "विचार की गं!"

पद्मम्मा हळूच म्हणाल्या, "यारु गेद्दरु?"

"राणा गेद्द!"

काय आवाज होता तो! रस्त्यावरचा फुलवाला दारातून डोकावला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि उसळीचं पातेलं हातात धरून उभा असलेला श्रीधर सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला. मी आयुष्यात पदवी घेतली, नोकरी मिळवली, पण जिंकल्यासारखं वाटलं ते त्या संध्याकाळी.

विजयादशमीला एक बाहुली आडवी करून, झोपवून, मांडणी संपवायची रीत आहे. मी राजाकडे हात नेला. अक्कांनी माझं मनगट धरलं. "ह्याला नाही. हा आत्ता तर उठलाय."

पुण्याला त्या गेल्याच नाहीत. आपल्याच घरी, त्या मांडणीच्या शेजारच्या खोलीत त्यांनी डोळे मिटले. देवेर तसंच उभं होतं.

गेल्या आठवड्यात श्रीधर घर आवरायला आला. आम्ही दोघांनी मिळून तोफा, तंबू, घोडे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले. शेवटी राजा राहिला. श्रीधरने त्याला उचललं, खोक्यावर वाकला, आणि तसाच थांबला. मग सरळ झाला. राजाला उभा धरूनच तो बाहेर ऑटोत जाऊन बसला आणि त्याला मांडीवर ठेवलं.

"सार, खोक्यात ठेवा ना, स्वल्प जागा करतो," ऑटोवाला म्हणाला.

"बसत नाही तो त्यात," श्रीधर म्हणाला.

खोक्यात जागा भरपूर होती.