तुळजाबाईंचा आड

तुळजाबाईंनी बाळंतिणीच्या बाजेखाली ओवा-शेपाची धुरी सरकवली, नातवाला तेल चोळायला पायांवर घेतलं आणि दाराची कडी वाजली. हात तेलाचे, म्हणून बसल्या जागेवरूनच त्या म्हणाल्या, "उघडंच हाय, ढकला."

आले ते दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव, मागे इंजिनं दुरुस्त करणारा मैनुद्दीन. सुंदरराव आधी कडब्याचं बोलले, मग जयवंती नदीच्या कोरड्या पात्राचं. बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा होता. नदीत पोरं विटीदांडू खेळत होती.

तुळजाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. नवरा निजामाच्या रिसाल्यात घोड्यांना खरारा करायचा. राज्य गेलं, घोडे गेले, पुढं नवराही गेला. मग त्यांनी एक म्हैस घेतली आणि तिच्या दुधावर लेकीला, भामाला वाढवलं. सोसायटी निघाली तेव्हा बायकांत पहिलं दूध त्यांनीच घातलं. परसातल्या आडावर कुणीही यावं, पोहरा सोडावा. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

तिथंच सुंदरराव चुकले. बाई नाही म्हणणार नाहीत असं धरून त्यांनी आदल्या सांजेलाच सोसायटीच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की तुळजाबाईंच्या आडावर पाणी उपसायला इंजिन बसतंय, म्हशी तिकडं आणा. विचारायला मात्र आत्ता आले होते. बोळात म्हशी हंबरायलाही लागल्या होत्या.

मैनुद्दीन परसात जाऊन आडात डोकावून आला. "मौसी, पानी लई न्हाई. इंजिन लावलं की सांजच्याला चिखल वर येईल."

बाजेवरची भामा उठून बसली. परवा बाळाचा बारावा दिवस. बाळंतिणीनं आडाला हळद-कुंकू वाहायचं, कळशी भरून घरात आणायची, मगच तिचा हात पुन्हा चुलीला लागायचा. कोरडा आड पुजायचा कसा?

भामाकडं बघून सुंदररावांच्या ध्यानात आलं. ते चाचरत म्हणाले, "मावशी, पुजायला दुसऱ्याची हीर चालत न्हाई का?"

"कुनाची? तुमच्या हिरीत तर सरडे फिरत्यात."

मैनुद्दीननं तोंड फिरवून हसू दाबलं. तुळजाबाई काही हसल्या नाहीत. त्यांनी बाळ भामाच्या कुशीत दिलं, पदराला हात पुसले आणि परसाचं फाटक म्हशींसाठी सताड उघडलं.

"लावा इंजिन," त्या सुंदररावांना म्हणाल्या. "फकस्त परवा सकाळपस्तोर कळशी बुडंल एवढं पानी आडात ऱ्हाऊ द्या."